दर रविवारी मागे पडणारं टायमिंग: एक अँबॅसिडर, स्टीलचा कॅम आणि दोन छोटे गिअर

डिस्ट्रिब्युटरचा (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) क्लॅम्प सैल करायचा, बॉडी नखभर फिरवायची, स्ट्रोब लाइट मारून टायमिंगची, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते त्याची, खूण बघायची आणि क्लॅम्प पुन्हा आवळायचा. वकीलसाहेबांच्या अँबॅसिडरवर सलग पाच रविवार मी हेच करत होतो. दर वेळी बॉडी एकाच बाजूला फिरवावी लागतेय, हे मात्र पाचव्या रविवारी डोक्यात शिरलं. त्याआधी चारही वेळा उन्हाला दोष देऊन मोकळा झालो होतो. एप्रिलमधलं सोलापूर, पारा बेचाळीसला टेकलेला. गाडी तापली, ओढ गेली, तर दुसरं कारण शोधायला कोण जातंय?

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण चूक माझ्याच गॅरेजमध्ये झाली. इंजिन मी बांधलं होतं आणि कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, तोही मीच बसवला होता.

गाडी १९८४ ची मार्क फोर, साहेबांच्या वडिलांची. इंजिन मूळचंच, १४८९ सीसी पेट्रोल. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं हे इंजिन, बोअर ७३.०२५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८.९. याच मापाचं इंजिन १९५५ साली एमजीए नावाच्या स्पोर्ट्सकारमध्ये आलं, आणि दोन एसयू कार्ब्युरेटरवर सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर द्यायचं. आपल्याकडे तेच लग्नाच्या वऱ्हाडाला आणि कलेक्टर कचेरीच्या दारात झिजलं. हे एकदा कळलं की माणसाला स्वस्थ बसवत नाही. साहेबांनाही बसवेना. एमजीवाल्यांसाठी विलायतेत अजून सगळे पार्ट मिळतात. तिथून त्यांनी एक कॅमशाफ्ट मागवला: अख्ख्या स्टीलच्या सळईतून कोरलेला, २७० अंशांच्या आसपास ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो त्याचं हे माप), 'फास्ट रोड' जातीचा. त्यावर पेट्रोल पंप हलवणारा लोब, म्हणजे फुगवटा, नव्हता, म्हणून इलेक्ट्रिक पंप लावला. हेड घासून थोडं कमी केलं, दोन एसयू चढवले. आणि 'प्रेशर जेवढं जास्त तेवढं इंजिनला चांगलं' या साहेबांच्या ठाम मतामुळे ऑइल पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हला (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेला) कडक स्प्रिंग टाकली. त्या मतावर मी तेव्हा वाद घातला नाही, तो घालायला हवा होता.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली तेव्हा गाडी रस्त्यावर आली. पहिले दोन महिने नुसती मजा. तुळजापूरचा घाट ती टॉपमध्ये चढायची. साहेब कोर्टातून सुटले की घरी न जाता अक्कलकोटला जाऊन यायचे.

मार्चअखेर तक्रार सुरू झाली. ओढ कमी, तापमानाचा काटा वर, रात्री बॉनेट उघडलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तांबूस दिसायचा. स्ट्रोब लावला तर टायमिंग दोन अंश मागे. पुढे घेतलं, गाडी सुधारली, आठवड्याने पुन्हा तेच. दरम्यान पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, थर्मोस्टॅट काढून पाहिला, रेडिएटर रॉड मारून साफ केला, डिस्ट्रिब्युटरचं बुशही नवं घातलं. या सगळ्याची बिलं साहेबांनी भरली, त्याची लाज अजून आहे.

पाचव्या रविवारी खूण पाहून मनात बेरीज केली. पाच वेळा, दर वेळी दोनेक अंश, सगळं एकाच दिशेने. बुश झिजलं असतं तर खूण थरथरली असती, पुढेमागे नाचली असती. ही तर मुंबईहून निघालेल्या गाडीसारखी एकाच वाटेने उशिरा उशिरा येत होती. म्हणजे क्रँकपासून (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टपासून) डिस्ट्रिब्युटरपर्यंतच्या साखळीत कुठेतरी काहीतरी रोज थोडं थोडं संपत होतं.

आता संपतंय ते काय? या इंजिनात क्रँक चेनने कॅम फिरवतो, आणि कॅमवर कोरलेल्या तिरप्या दातांवर डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह स्पिंडल फिरतो. संशयित दोनच, चेन किंवा हा तिरपा गिअर, ज्याला आपण स्क्यू गिअर म्हणतो. दोन्ही इंजिनाच्या पोटात. उघडण्याआधी दोघांना वेगळं करायची एक युक्ती आहे. तिला वीस मिनिटं आणि एक पाना पुरतो.

क्रँक पुलीवर अंशांची चकती चिकटवली, टॅपेट कव्हर काढलं, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. क्रँक सरळ दिशेने फिरवून एक व्हॉल्व्ह अर्धा उघडलेल्या जागी थांबलो, म्हणजे सगळा ढिलेपणा एका बाजूला ओढला गेला. मग क्रँक हळूहळू उलटा. रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीला, डायल गेज लावला होता, त्याचा काटा ३ अंशांवर हलला. तेवढा चेनचा ढिलेपणा, त्यात काही गैर नाही. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट मात्र अजून ढिम्म. (रोटर आर्मकडे बघू नका, त्याखाली अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा असतात आणि त्या फसवतात. खालचा शाफ्ट बघायचा.) शाफ्ट हलला १४ अंशांवर. मधले ११ अंश क्रँकचे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून त्याच्या भाषेत साडेपाच. त्यातला अर्धा अंश स्पिंडल आणि डिस्ट्रिब्युटर जोडणाऱ्या खाचेचा धरला तरी पाच अंश गिअरच्या दातातून गेले होते. डिस्ट्रिब्युटरचे पाच म्हणजे क्रँकचे दहा. माझ्या पाच रविवारांची बेरीजही दहाच होती.

हिशेब इतका चोख जुळला की पोटात गोळा आला.

स्पिंडल काढायला या इंजिनात सोपी सोय आहे. डिस्ट्रिब्युटर आणि त्याची हाउसिंग बाजूला केली की स्पिंडलच्या डोक्यात आटे दिसतात. त्यात ५/१६ यूएनएफचा, साडेतीन इंच लांबीचा बोल्ट घालायचा आणि त्याला धरून ओढायचं. तिरप्या दातांमुळे स्पिंडल फिरत फिरत वर येतो. तो हातात आला आणि शेजारी उभं असलेलं पोरगं म्हणालं, "मिस्त्री, ह्याला धार लावलीय कुणी?" दात खरंच सुरीसारखे झाले होते. एका बाजूची भिंत सरळ होती, दुसरी आत खाल्लेली आणि माथ्यावर कागदासारखी कड. बोट फिरवलं तर कातडी सोलली असती. गाडी पळाली होती अवघी १४०० किलोमीटर.

मी लगेच नव्या स्पिंडलसाठी फोन करणार होतो. तेवढ्यात अण्णा आले.

अण्णा आमच्या गल्लीतले. आयुष्य फाउंड्रीत गेलं, आता संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतात आणि न विचारता चुका दाखवतात. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, फार तर शेंगाचटणी. पण गाड्यांच्या धंद्यात या गावाची ओळख कॅमशाफ्टची आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ साली इथे उभी राहिली, आणि अक्कलकोट रोड व चिंचोळी एमआयडीसीतून देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट जातात. त्यामुळे कॅम कसा ओततात हे ठाऊक असलेली माणसं इथे दोनचार गल्ल्या फिरलं की भेटतात. अशा गावात राहून मी कॅमच्या धातूचा विचार न करता कॅम बसवला होता.

अण्णांनी स्पिंडल उजेडात धरला, दातावरून नख फिरवलं आणि विचारलं, "टॅपेट कुठलं घालायचं ते विचारलास त्या विलायतवाल्याला?"

"विचारलं की. चिल्ड कास्टचं घाल म्हणाला, तेच घातलंय."

"आणि गिअर विचारलास का बे?"

विचारलं नव्हतं. कॅम बदलताना टॅपेटची (लोबवर टेकून त्याची ढकल वर व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या तुकड्याची) जोडी सगळे विचारतात, स्प्रिंगांची विचारतात. गिअर जुना बसला, फिरला, दात दातात गेले, मग विचारायचं काय उरतं?

अण्णांचा पुढचा प्रश्न जास्त जड होता: "पंपाचा काढून बघितलास?"

या इंजिनात ऑइल पंपाचा ड्राइव्ह शाफ्ट वेगळा, पण तोही कॅमवरच्या तिरप्या दातांवरच फिरतो. डिस्ट्रिब्युटरला काय काम? चार खटके मारायचे. पंपाला दाबाखाली तेल ढकलायचं असतं, तेही आमच्या कडक स्प्रिंगविरुद्ध. जिथे हलकं काम करणाऱ्या गिअरची ही गत, तिथे पंपाच्या गिअरची काय असेल? रात्री नऊला संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं पात्र, उतरवला. तेल जुन्या चांदीच्या ताटासारखं चकाकत होतं. चुंबक फिरवला तर काळी लोकर लागल्यासारखा वर आला. पंप खाली घेतला, शाफ्ट बाहेर काढला. निम्म्याहून जास्त दात गेले होते, दोन ठिकाणी माथ्याची कड तुटून पडलेली.

खरं घाबरलो ते इथे. प्रेशर गेज त्या दिवशीही ठणठणीत होता. असणारच. दात झिजून निम्मे झाले तरी गिअर तेवढ्याच गतीने फिरतो, पंप तेवढंच तेल देतो, काटा जागचा हलत नाही. शेवटचा दात सुटेपर्यंत गेज सगळं आलबेल दाखवतो आणि मग एका क्षणात शून्य. डिस्ट्रिब्युटरचा गिअर निदान टायमिंग मागे पाडून कुरकुर करतो, पंपाचा मुकाट्याने मरतो. मी फक्त वरचा स्पिंडल बदलून गाडी दिली असती, तर मंगळवेढ्याच्या वाटेवर कुठेतरी बेअरिंगं वितळली असती आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, ऊन फार होतं.

धातूची सोयरीक

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दोन्ही कॅम तारेने आढ्याला टांगायला लावले, जुना अँबॅसिडरचा आणि नवा. जुन्यावर पाना मारला, 'ठक्' असा बसका आवाज. नव्यावर मारला तर देवळातल्या घंटेसारखा 'टिंग्ग', बराच वेळ घुमणारा. ओतीव लोखंड आणि स्टील ओळखायला याहून सोपी परीक्षा नाही. डोळ्यांनीही कळतं. लोबांच्या मधला भाग खडबडीत आणि त्यावरून साच्याच्या जोडाची बारीक रेघ गेलेली असेल तर ओतीव. सगळीकडे लेथची चकाकी असेल तर बहुधा स्टीलचा.

ओतीव कॅम ही मोठी हुशारीची वस्तू आहे. साच्यात लोबांच्या जागी लोखंडी चिल बसवलेले असतात. वितळलेला रस तिथे टेकला की झटकन गोठतो, कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही, कठीण कार्बाइड तयार होतं. म्हणून लोब काचेसारखे टणक. चिल नसतो तिथे रस सावकाश थंड होतो आणि साधं करडं लोखंड बनतं, पोटात ग्राफाइटच्या पातळ पाकळ्या. गिअरचे दात या करड्या भागात कोरतात. ग्राफाइट स्वतःच गुळगुळीत, शिवाय तेल धरून ठेवणारं. त्यामुळे असा गिअर समोरच्याला सांभाळून घेतो. अँबॅसिडरचा डिस्ट्रिब्युटर पिढ्यान् पिढ्या चालला त्यात या पाकळ्यांचा मोठा वाटा आहे.

स्टीलच्या कॅमला पाकळ्या नाहीत. लोब टिकावेत म्हणून त्याचा पृष्ठभाग उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेला असतो, आणि आमच्या कॅमचे गिअरचे दातही त्यातच कडक झाले होते. त्यासमोर आम्ही ठेवला बाजारातला साधा स्पिंडल. नंतर कानस घासून पाहिली तर त्याच्या दातावर ती लोण्यासारखी लागली. कॅमच्या दातावरून नुसतीच घसरली.

त्यात स्क्यू गिअरचा स्वभाव वेगळा. गिअरबॉक्समधल्या सरळ दाताच्या गिअरचं काम लाटण्यासारखं, दात बहुतेक एकमेकांवर लोळतात. स्क्यू गिअर म्हणजे पाट्यावरचा वरवंटा. दोन शाफ्ट एकमेकांना आडवे, त्यामुळे दात दातावरून कायम घासत सरकतो, आणि टेकतोही जवळजवळ बिंदूएवढ्या जागेवर. घासण्याचा धंदा असला की दोन धातूंची सोयरीक बघावीच लागते. अमेरिकन व्ही-एट इंजिनवाल्यांना हा धडा जुना आहे. तिथे स्टीलच्या रोलर कॅमबरोबर डिस्ट्रिब्युटरचा गिअर ब्राँझचा किंवा पृष्ठभागावर प्रक्रिया केलेल्या स्टीलचा घालायचा, हे नवशिक्यालाही सांगतात. बऱ्याच व्ही-एटमध्ये ऑइल पंपही त्या डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरूनच फिरतो, म्हणजे एकाच गिअरवर दोघांचा भार.

आणि ती कडक स्प्रिंग. पंप फिरवायला लागणारा पीळ दाबाच्या प्रमाणात वाढतो. दाब दीडपट केला की दातांवरचा भारही दीडपट. सकाळी थंड, घट्ट २०डब्ल्यू-५० तेलात साहेब गाडी चालू करून लगेच रेस करायचे, तेव्हा काटा ९० पीएसआयच्या पुढे जायचा आणि ते खूश व्हायचे. प्रत्यक्षात त्या वेळी गिअरचा कीस पडत होता.

दोन रस्ते

साहेबांना गॅरेजमध्ये बसवून झिजलेला स्पिंडल आणि पंपाचा शाफ्ट त्यांच्या हातात दिले. कोर्टातला माणूस, पुरावा बघितल्यावर उलटतपासणी थोडक्यात आटोपली.

माझं मत पहिल्या रस्त्याला होतं. स्टीलचा कॅम काढून ठेवायचा. अँबॅसिडरचा जुना ओतीव कॅम घासून त्यावर जरा जास्त लिफ्टचा आकार काढून घ्यायचा. चिलची खोली काही मिलिमीटरच असते, त्यामुळे किती घासायचं याला मर्यादा आहे. हावरटपणा केला तर कडक थर संपतो आणि लोब महिन्यात बसतो. शिवाय मागचं वर्तुळ लहान होतं, पुशरॉडची लांबी पुन्हा जुळवावी लागते. पण गिअरची चिंता कायमची मिटते, आणि २७० अंशांच्या कॅमला स्टील लागतच नाही. स्टील लागतं ते शर्यतीच्या जबरदस्त स्प्रिंगांना. सोलापूर ते तुळजापूर धावणाऱ्या गाडीला नाही. कॅम ओतणाऱ्या गावातून विलायतेला ऑर्डर गेली, याला आमच्यात काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात.

दुसरा रस्ता, कॅम तोच ठेवून गिअर त्याच्या तोलाचे बनवायचे.

साहेबांनी दुसरा निवडला. कॅमसाठी कस्टम ड्युटी भरलेली, माणूस तो फडताळात कसा ठेवेल? ठीक आहे, गाडी त्यांची.

मग प्रश्न आला, दोन्ही गिअर ब्राँझचे करायचे का? पोरगं लगेच हो म्हणालं. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ स्टीलवर छान सरकतं, कॅमचे दात अजिबात खात नाही, स्वतः झिजतं. पण 'स्वतः झिजतं' हे दोन शब्द नीट ऐकायचे असतात. झिजणारी वस्तू तिथेच ठेवायची जिथे आपला हात पोचतो आणि झीज मोजता येते. डिस्ट्रिब्युटरचा स्पिंडल अर्ध्या तासात बाहेर येतो आणि झिजला तर स्ट्रोबवर स्वतःहून सांगतो. तिथे ब्राँझ. पंपाचा गिअर संपाच्या आत, भार जास्त, आणि मरेपर्यंत अवाक्षर काढत नाही. तिथे ब्राँझ घालणं म्हणजे मुदत माहीत नसलेला बाँब ठेवण्यासारखं. म्हणून तो ईएन १९ स्टीलचा करून टफट्राइड करायचं ठरलं. या प्रक्रियेत ५७० अंशांच्या आसपासच्या क्षाराच्या कुंडात पार्ट बुडवतात. नायट्रोजन आणि कार्बन आत शिरतात, वर दहा-वीस मायक्रॉनचा टणक थर येतो. त्या थराचं बाहेरचं अंग किंचित सच्छिद्र असतं, तेल धरून ठेवतं. ग्राफाइटच्या पाकळ्यांची सर नाही, पण काम भागतं.

गिअर कापून घ्यायला एमआयडीसीतल्या हॉबिंगवाल्याकडे गेलो. त्याने पहिलंच विचारलं, "हेलिक्स अँगल किती?" म्हणजे दात किती अंश तिरपे. ड्रॉइंग कुणाकडे होतं! झिजलेला गिअर मोजण्यात अर्थ नव्हता, म्हणून डबाबंद नवा स्पिंडल मिळवला. दातांच्या माथ्याला निळा रंग फासला आणि सरळ पट्टीच्या कडेने कागदावर लोळवला. तिरप्या रेघा उमटल्या, कोनमापक लावून कोन काढला, आकडा दिला. ब्राँझचा पहिला गिअर चार दिवसांत आला, दिसायला सोन्याच्या कुडीसारखा. कॅमच्या दातांना मार्किंग ब्लू लावून फिरवून पाहिला तर निळा डाग दाताच्या मधोमध नाही, एका टोकाला. असा बसवला असता तर टोकावर टेकून तोही गेला असता.

चूक काय ती सांगतो, कारण ही पुष्कळांची होते. कागदावर उमटतो तो दाताच्या माथ्यावरचा कोन. हॉबिंगवाल्याला हवा असतो पिच वर्तुळावरचा, म्हणजे दाताच्या उंचीच्या मधोमध जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळावरचा. व्यास कमी झाला की कोनही कमी होतो, आणि कोनाची स्पर्शज्या (टॅन) व्यासाच्या प्रमाणात जाते. उदाहरणापुरते आकडे घ्या: बाहेरचा व्यास २८ मिलिमीटर, पिच व्यास २५, कागदावरचा कोन ४७ अंश. ४७ ची स्पर्शज्या १.०७२. तिला २५ ने गुणून २८ ने भागलं की ०.९५७ येतं, म्हणजे ४४ अंशांना जरा कमी. तीन अंशांचा फरक, आणि तेवढ्याने डाग मधून टोकाला जातो. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत, चहा पीत राहिले. त्यांना हे माहीत होतं असा माझा अजून संशय आहे.

दुसरा गिअर बरोबर आला, डाग मधोमध. जुन्या स्पिंडलचे दात लेथवर उतरवून खुंट केला, ब्राँझची रिंग तापवून त्यावर बसवली आणि आरपार पिन मारली. रिंग नुसत्या पकडीवर सोडायची नाही. ब्राँझ गरम झाल्यावर स्टीलपेक्षा जास्त फुगतं, पकड सैल पडू शकते.

जुळणी

बसवताना घाई केली नाही. सगळं इंजिन रॉकेलने धुऊन तेलाच्या वाटा हवेने फुंकल्या, कारण १४०० किलोमीटरचा कीस कुठे कुठे बसला असेल देव जाणे. मेन बेअरिंगचे शेल काढून पाहिले, बारीक ओरखडे होते, बदलले. कॅमचे दात भिंगाखाली बघितले, सुदैवाने शाबूत. फक्त कडांची बारीक धार ऑइलस्टोनने मारली. दातांना मॉलीची वंगण पेस्ट चोपडली. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग मूळची परत टाकली. या एका गोष्टीवर या वेळी मी साहेबांशी कडाकडा भांडलो आणि जिंकलो.

डिस्ट्रिब्युटरचा स्पिंडल परत घालताना एक काळजी. त्याच्या डोक्यावरची खाच मध्यभागी नसते, एक बाजू मोठी आणि एक लहान. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, मोठी बाजू वर आणि खाच आडव्यापेक्षा किंचित खाली कललेली धरून स्पिंडल आत सोडायचा. दात लागताना तो उलट्या दिशेने वळतो आणि खाच घड्याळातल्या एकच्या आकड्याजवळ येऊन थांबते. दुसरीकडे थांबली तर एक दात चुकला, बाहेर काढून पुन्हा. माझा तिसऱ्या वेळी बसला.

चालू करण्याआधी पंप तेलाने भरून घेतला आणि प्लग काढून स्टार्टरवर काटा हलेपर्यंत फिरवलं.

पहिलं तेल १०० किलोमीटरला काढलं. पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरलं तर सोनेरी झाक होती, हळदीच्या पाण्यासारखी. चुंबकाला काही लागलं नाही. म्हणजे झिजतंय ते ब्राँझ, लोखंड नाही, आणि सुरुवातीला एवढं अपेक्षितच होतं. ५०० ला झाक अगदी फिकी. १५०० ला तेल नुसतं काळं, नेहमीच्या तेलासारखं. क्रँक उलटा फिरवायची परीक्षा दर वेळी केली आणि वहीत लिहिली. गिअरचा ढिलेपणा बसवताना डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत एक होता, १५०० ला एकच, ३००० ला दीडच्या आत. टायमिंग एकदाच, एका अंशाने पुढे घेतलं.

३००० ला साहेब नको नको म्हणत असताना संपही उतरवला. पंपाच्या गिअरवर टफट्राइडची करडी छटा जशीच्या तशी होती, आणि हॉबिंगच्या बारीक रेघा दातांवर अजून दिसत होत्या. कॅमच्या दातांवर फक्त जिथे टेकतात तिथे चकाकी. पॅकिंग नवं घालून संप चढवला. साहेबांना बिलात मजुरी लावली नाही.

एक तक्रार राहिलीच. दोन हजार आरपीएमच्या जवळपास पुढून बारीक सुंsss असा आवाज येतो, पूर्वी नव्हता. मला वाटतं पंपाचा नवा गिअर आहे, अण्णा म्हणतात चेन. साहेब म्हणतात, स्पोर्ट्सकारचा आवाज आहे, राहू दे.

ब्राँझची दुसरी रिंग तेव्हाच कापून घेतली होती. ती साहेबांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये 'संचार'च्या जुन्या अंकात गुंडाळून ठेवलीय, सोबत तो साडेतीन इंची बोल्ट. पुडीवर मी पेनाने लिहिलंय: पुढची तपासणी ६००० किलोमीटर.